बरोबर मधून येणारी घूं

हितेंद्रच्या खोलीत एक घूं होती.

ती फक्त गाणं चालू असताना यायची. तबकडी थांबली की तीही थांबायची, सासूची चाहूल लागताच सूनबाई फोन ठेवते तशी. शिवाय ती डाव्या स्पीकरमधून येत नव्हती, उजव्यातूनही नाही, तर दोघांच्या बरोबर मधून. हितेंद्र पाइपांच्या कारखान्यात दर्जा तपासनीस होता. दिवसभर कारखान्याच्या मालात खोडी काढायच्या आणि संध्याकाळी जळगावच्या घरी येऊन स्वतःच्या गाण्याच्या यंत्रात, असा त्याचा दिनक्रम. वडील जीवराम केळीच्या मळ्यावरच मुक्कामाला असायचे. घरात तो आणि आई बेबाबाई. आणि घूं.

आधी त्याने तारा बदलल्या. मग अंगणात खड्डा खणून, कोळसा आणि पोतंभर मीठ घालून, यंत्रासाठी वेगळी अर्थिंग केली. त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं काम बेबाबाईकडे आलं. पाणी घालताच आहोत तर म्हणून तिने हळदकुंकूही वाहायला सुरुवात केली. महिनाभरात शेजारच्या कुंदाबाई जाता-येता त्या खड्ड्याला हात जोडायला लागल्या. घूं मात्र तिथल्या तिथेच.

दीपनगरच्या वीज केंद्रात काम करणारा मावसभाऊ योगराज मीटर घेऊन आला. त्याने सगळीकडे मीटर लावला आणि म्हणाला, "हित्या, काहीच नाहीये यात."

"मीटरला कान असतात का?" हितेंद्र म्हणाला. योगराज चहा न घेता गेला.

मग फ्रीजवर संशय गेला. फ्रीज कुंदाबाईंच्या ओसरीवर नेऊन ठेवला. बेबाबाई वाटी घेऊन शेजारी जायची आणि आपलंच दही मागून आणायची.

हे सगळं चाललं होतं ते धुळ्याच्या प्रेमराज नानांसाठी. नानांकडे जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. दिवे लागले की देवघरासारखा उजळणारा. नाना आता लेकीकडे राहायला जाणार होते आणि तो ॲम्प्लिफायर, सगळ्या तबकड्यांसकट, ऐकण्याची लायकी असलेल्या माणसाला फुकट देणार होते. ते घरी येऊन परीक्षा घेत. चाळीसगावच्या उमेदवाराला त्यांनी नापास केलं होतं, कारण तो ऐकताना पाय हलवायचा. हे कळल्यावर हितेंद्र आठवडाभर पाय बांधून गाणी ऐकत होता.

नाना यायच्या दिवशी सकाळी त्याची नजर स्वयंपाकघरातल्या मांडणीवर गेली.

"आई, ही भांडी थरथरतात."

"पंचवीस वरसापासून तढीच हायेत. कधी थरथरले नाही," बेबाबाई म्हणाली.

"तुला ऐकू येत नाही. मला येतं."

हंडे, पातेली, डबे, सगळं बाहेर ओट्यावर गेलं. भरताची वांगी भाजायला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. त्या तडतडतात म्हणून विझवल्या. शेवटी आईच्या बांगड्या राहिल्या. सवाष्णीला बांगड्या काढ म्हणायची त्याची जीभ रेटेना, म्हणून त्याने तिच्या दोन्ही मनगटांवर हातरुमाल घट्ट बांधले आणि तिला भांड्यांजवळ बसवलं.

"मंग मी बाहीर बसू?"

"तासभर फक्त. आणि बोलू नकोस."

बेबाबाई मनगटं बांधलेल्या अवस्थेत भांड्यांमध्ये बसली. गल्लीतून जाणाऱ्या एका माणसाने मोठा हंडा वाजवून किंमत विचारली. तिने, बोलायचं नाही म्हणून, नुसती मान हलवली. तो होकार समजून घासाघीस करत बसला.

नाना आले. त्यांनी ओट्यावर पाहिलं. "वहिनी, घर बदली ऱ्हायनात का?" बेबाबाईने पुन्हा मान हलवली.

आत हितेंद्रने सरोदची तबकडी लावली. दोघांनी डोळे मिटले. आलाप सुरू झाला आणि थोड्याच वेळात घूंही आली. नानांनी डोळे उघडून स्पीकरकडे पाहिलं, मग हितेंद्रकडे, आणि मग ते हितेंद्रकडेच पाहत राहिले.

"येतेय ना, नाना?" हितेंद्र कुजबुजला. "बरोबर मधून."

"आते नई ई ऱ्हायनी."

हितेंद्रने कान दिला. खरंच नव्हती. तो गप्प बसून लक्ष देऊन ऐकू लागला. आली.

"भाऊ, तू जरा बाहेर जाय," नाना म्हणाले.

तो ओट्यावर जाऊन आईच्या शेजारी उभा राहिला. आतून सरोद येत होता, धुऊन काढल्यासारखा स्वच्छ. घूं नाही! त्याला रडू यायचं बाकी राहिलं. "गेली, नाना! भांडीच होती ती!" असं ओरडत तो आत धावला, खुर्चीत बसला, डोळे मिटले. घूं आली.

नाना उठले. त्यांनी एक बोट हितेंद्रच्या गळ्यावर, कंठाच्या घाटीवर ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. हितेंद्रने डोळे उघडले. बोटाखाली काहीतरी थरथरत होतं. भांडं नव्हतं ते.

तबकडी संपली. गळ्यातून आता काहीही बाहेर काढायची हितेंद्रची हिंमत नव्हती. त्याला मिठाचं पोतं आठवलं. चहा न घेता गेलेला योगराज आठवला. कान तापले. ज्या कानांचा एवढा टेंभा मिरवला, ते डोक्याला नसते तर बरं झालं असतं असं वाटलं.

बेबाबाई दारात येऊन उभी होती.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"तू लहानपनापासून तसाच हाये. जेवताना बी करे. गोड लागलं का घूं करे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गानं चालू असताना बोलायचं नाही, तूच म्हने. अन् गानं संपलं का तू बी बंद. अन् मले वाटलं, तुले ठावं असीन. सोताचाच त आवाज."

नानांनी पायात चप्पल सरकवली. "चाळीसगाववालालेच दी टाकसू मी यंत्र," ते म्हणाले. "त्याना पाय हालतस, पन आयकाले येत नईत." दारात थांबून त्यांनी इमानदारीने भर घातली, "आनि भाऊ, सूर बी बराबर नई शे."

"नाना, भरीत खाऊन जा," बेबाबाई म्हणाली. नाना थांबले. यंत्राचं वेगळं, भरताचं वेगळं.

पऱ्हाट्या पुन्हा पेटवायच्या होत्या. बेबाबाईने काडेपेटी घ्यायला हात पुढे केला आणि रुमालांकडे पाहिलं. हितेंद्र खाली बसला. गाठी त्यानेच आवळल्या होत्या आणि आता त्या त्याच्याच्याने सुटत नव्हत्या. नखं लागेनात. मनगटावर रुमालाचे वळ उठले होते. ते दिसू नयेत म्हणून आईने पदर ओढून घेतला, त्याच्यापासून नाही, नानांपासून.

शेवटी त्याने दातांनी गाठी सोडल्या. बांगड्या खळकन खाली आल्या.

बाहेर तो मघाचा माणूस अजून हंड्याजवळ उभा होता. "मग काय ठरलं?" त्याने विचारलं.

हितेंद्रने तोंड न उघडता हंडा उचलला आणि आत नेला. मग पातेली. मग डबे. एकेक करून, कशाचाही आवाज होऊ न देता.

"अरे, वाजू दे ना," आतून आई म्हणाली.