बांधावरची माझी जागा

“नको ग पोरी, तिथं खणू नको. ते गवत तिथं उगीच उभं नाही.”

सोयराबाईंनी खालच्या अंगणातून मान वर करून सांगितलं होतं. बांधावर उभ्या असलेल्या हेमलताताई हसल्या. “एकच ठोंब घेते हो अक्का, हळदीकुंकवापुरता!” असं म्हणून त्यांनी कुदळ पुन्हा मातीत घातली.

मित्रांनो, तो एकच ठोंब म्हणजे मी. वाळ्याचा जुना ठोंब. ठोंब म्हटल्यावर तुमच्यापैकी काही जण शेजाऱ्याकडे बघून हसले असतील. हसा, मला राग नाही. सध्या माझा मुक्काम मल्लेश्वरममधल्या एका गॅलरीत, डालड्याच्या गंजलेल्या डब्यात आहे. पण माझं घर हे नव्हे. माझं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कृष्णराजपुरमच्या बाजूला, एका लाल मातीच्या बांधावर आहे.

तिथं मला व्यंकोजींनी लावलं. व्यंकोजी म्हणजे सोयराबाईंचे सासरे. त्यांचं घराणं बंगळुरात येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नसे. मराठी त्यांची घरातली आणि कानडी दाराबाहेरची. मला ते कानडीत ‘लावंच’ म्हणत. वर त्यांचं नाचणीचं शेत, खाली घर आणि विहीर, आणि मधल्या आडव्या बांधावर आम्हां भावंडांची दाट रांग. 

आमचं काम काय होतं, सांगू? पाऊस पडला की उतारावरून पाणी धावत सुटायचं. आम्ही त्याला अडवत नसू. अडवलं की पाणी चिडतं आणि भलतीकडून वाट फोडतं. आम्ही फक्त खांद्याला खांदा लावून उभे असायचो. पाहुणा जसा चपला दाराशी काढतो, तशी पाण्यानं आपली माती आमच्या पायाशी काढून ठेवायची आणि मग पात्यांमधून सावकाश खाली जायचं. वरून आमची पाती एवढीएवढीशी दिसत, पण मुळं माणसाच्या उंचीपेक्षा खोल गेलेली. खालच्या विहिरीचा तळ भर पावसातसुद्धा स्वच्छ दिसे. व्यंकोजी विहिरीत डोकावून बघत आणि समाधानाने मिशी कुरवाळत. आमची तेवढीच काय ती तारीफ.

मग वरचं शेत गेलं आणि तिथं एका सरकारी कारखान्याची वसाहत आली. बुलडोझरने उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापला. वरची मऊ माती खरवडून गेली आणि खालचा मुरूम सोललेल्या गुडघ्यासारखा उघडा पडला. त्यावर घरं झाली, डांबरी रस्ते झाले. पूर्वी पावसाचं बरंचसं पाणी शेतातच मुरायचं. आता ते कौलांवरून आणि डांबरावरून सगळं एकदम निघू लागलं. वसाहतीचं गटार हद्दीपर्यंत आणलं आणि तिथं सोडून दिलं. हद्द कुठली? आमचाच बांध! त्या पावसाळ्यात आमची कंबर मोडायची वेळ आली. पण रांगेत एकही फट नव्हती, म्हणून निभावलं.

हेमलताताई त्या वसाहतीत आल्या त्या तान्ह्या कुंदाला घेऊन. बी.एस्सी. झालेल्या, नागपूरच्या. यजमान विद्याधरराव कारखान्यात इंजिनियर. ताईंचा स्वभाव फार काळजीचा. दूध दोनदोनदा उकळायच्या. कुंदा शांत झोपली तरी घाबरायच्या आणि तिच्या नाकापुढे बोट धरून बघायच्या. नव्या गावात भाषा येईना, माहेर लांब. आधार एकच, सोयराबाई. त्या रोज सकाळी बांध चढून वर यायच्या आणि कुंदाला तेल लावून न्हाऊ घालायच्या.

“मगू कशी आहे आज?” त्या विचारायच्या. मगू म्हणजे बाळ.

“अक्का, रात्री दोनदा शिंकली.”

“मग? तू शिंकत नाहीस?”

चैत्र आला आणि ताईंचा जीव कासावीस झाला. उकाड्याने नव्हे हं. बंगळुरात तेव्हा चैत्रातही संध्याकाळी अंगावर पांघरूण लागे. त्यांना आठवला तो वास. नागपूरला दारंखिडक्यांना वाळ्याचे पडदे लावतात, त्यांवर पाणी शिंपडतात आणि भर दुपारी घर जंगलासारखं गंधाळतं.

“अग, इथे पंख्याशिवाय झोपतो आपण,” विद्याधरराव म्हणाले. “तुला वाळा कशाला हवा? हुडहुडी भरायला?”

पण बांधावरचं गवत कसलं आहे हे ताईंनी कधीच ओळखून ठेवलं होतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या आधी त्यांनी कुदळ मागून आणली. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

माझी मुळं कापून, धुऊन त्यांनी माठात सोडली. वर उरलेला हिरवा शेंडा त्यांना टाकवेना, म्हणून डालड्याच्या डब्यात लावून मागच्या पायरीवर ठेवला. हळदीकुंकवाला आंब्याची डाळ होती, पन्हं होतं, पण बायका माठाभोवतीच घुटमळल्या.

“अगबाई, वाळा!” पुण्याच्या सुलभाताईंनी पेला नाकाशी धरला. “कुठून आणलास? आम्ही आपले इथे नळाचं पाणी पितोय!”

एका वऱ्हाडच्या बाई तर पेला हातात धरून रडल्याच. त्या दिवशी माझं जेवढं कौतुक झालं, तेवढं सगळ्या आयुष्यात झालं नव्हतं. मित्रांनो, खरं सांगतो, मला बरं वाटलं. पण जे काम मी जन्मभर केलं त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि कापलेल्या मुळांची मात्र आरती झाली, हे मनाला थोडं लागलंच.

मग वसाहतीतली एकेक बाई कुदळ घेऊन बांधावर येऊ लागली. प्रत्येकीला एकच ठोंब हवा होता. जिथं माती आधीच सैल झाली होती, तिथंच खणणं सोपं. माझ्या जागेशेजारची जागा गेली, मग तिच्या शेजारची. पायरीवरच्या डब्यातून मी बघत होतो. आमच्या रांगेला दार पडलं होतं, आणि ते दार बरोबर सोयराबाईंच्या घरासमोर होतं.

श्रावणात विहिरीचं पाणी तांबूस झालं. “स्वल्प गढूळ आहे,” सोयराबाई म्हणाल्या. “निवळेल.” त्यांनी त्यात तुरटी फिरवली. ताईंनी कुंदाचं पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ उकळलं. पण पाणी गढूळ का झालं, हे कुणीच बांधावर चढून पाहिलं नाही.

नवरात्रात वसाहतीतल्या बायकांनी भोंडला ठरवला. ताईंनी कुंदाला कधी कुणाकडे ठेवलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच खाली नेऊन सोयराबाईंच्या हवाली केली, आणि दहा सूचना दिल्या.

“सरी, सरी, कळलं सगळं,” सोयराबाई म्हणाल्या. “तू जा. हत्ती वाट बघतोय तुझी.”

पाटावर हत्ती काढून बायकांनी फेर धरला, तोच पूर्वेकडून आभाळ काळं झालं. बंगळूरचा आश्विनातला पाऊस असाच येतो, कुणाला विचारून येत नाही. घटकाभरात गटार तुंबून वाहू लागलं. लाल पाण्याचा लोंढा बांधावर आदळला, क्षणभर रांगेच्या कडेने चाचपडला आणि त्याला ते दार सापडलं. माझ्या जागेतून पाणी आत शिरलं, मित्रांनो. माझ्या डोळ्यांदेखत. मी डब्यात होतो. मला पाय नाहीत, आणि नवी फुटलेली मुळं होती ती डब्यातच. बांधाचा तुकडा ढासळला आणि चिखल भसाभस खाली उतरला.

“कुंदा!” ताई फेर सोडून पावसातच धावत सुटल्या. बांधावरून घसरत, साडी लाल करत त्या खाली पोचल्या. सोयराबाईंच्या अंगणाचा पत्ता नव्हता. घराच्या उंबऱ्यावरून चिखल आत जात होता. विहीर काठोकाठ तांबडी झाली होती.

आत, भिंतीला लावलेल्या धान्याच्या पेटीवर सोयराबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि कुंदा त्यांच्या खांद्यावर होती.

“ओरडू नको,” त्या हळूच म्हणाल्या. “आत्ता झोपलीय.”

ताईंनी सवयीने तिच्या नाकापुढे बोट धरलं. मग त्या चिखलातच मटकन बसल्या आणि रडू लागल्या.

“अक्का, माझ्यामुळे झालं हे सगळं. तुम्ही तेव्हा माझा हात का नाही धरला?”

“माहेर आठवणाऱ्या पोरीचा हात कसा धरायचा ग?” सोयराबाई म्हणाल्या. “आणि मलाही वाटलं, एकानं काय होतंय. पण तुम्ही सगळ्याच नागपूरच्या निघालात!”

रडता रडता ताईंना हसू फुटलं.

पाऊस उघडल्यावर विद्याधररावांनी कचेरीत अर्ज करून गटाराचं तोंड वळवून घेतलं. पण दार बुजवायचं होतं ते ताईंनाच. त्यांनी मला डब्यातून काढलं आणि माझे बारीक बारीक ठोंब फोडले. सुलभाताईंनी आपल्या परसात लावलेला ठोंब आणून दिला, इतर बायकांनी आपापले. “दाट लाव,” सोयराबाई पेटीवर बसावं तशा बांधावर बसून सांगत होत्या. “पाण्याला फट दिसता कामा नये.” शेवटचा एक तुकडा उरला. “हा डब्यात असू दे,” ताई म्हणाल्या. “एखादा मेला तर हाताशी असावा.”

तो उरलेला तुकडा मी. राखीव.

दुसऱ्या वर्षी विद्याधररावांना शहराच्या पश्चिमेला एका संशोधन संस्थेत काम मिळालं. सामान बैलगाडीत चढलं, शेवटी डबाही चढला. सोयराबाईंनी कुंदाच्या गालाला बोटं लावून आपल्या कानशिलावर मोडली. बांधावरची रोपं तेव्हा वीतभरच झाली होती. नव्या मुळांनी माती घट्ट धरायला काही पावसाळे जावे लागतात. ते पुरे व्हायच्या आतच आम्ही निघालो.

पहिली काही वर्षं ताई सणासुदीला जाऊन येत. मग दुसरं बाळ झालं, जाणं कमी झालं. आता कुंदा शाळेत जाते. माझी मुळं डब्याच्या आत गोल गोल फिरत राहतात, कारण खाली जायला जागाच नाही. मोठा पाऊस आला की ताई गॅलरीत येऊन उभ्या राहतात. पूर्वेकडे बघतात. मीही तिकडेच बघतो. आम्ही दोघं एकाच गोष्टीचा विचार करतो आहोत, हे त्यांना ठाऊक नाही. आणि परवा कुणी तरी सांगितलं, त्या वसाहतीत आणखी रस्ते झालेत, आणखी घरं उभी राहतायत.

मित्रांनो, तुमच्या घरामागे एखाद्या उतारावर जुनं गवत उभं असेल, तर ते तिथं का उभं आहे हे उपटण्याआधी विचारा. एवढंच माझं मागणं. आणखी एक आहे, ते जरा माझं स्वतःचं आहे.

तुमच्यापैकी कुणी कृष्णराजपुरमच्या बाजूला राहत असेल, तर मोठा पाऊस थांबल्यावर त्या वसाहतीच्या मागच्या बांधावरून खाली उतरा. तिथं एक कौलारू घर आहे. ‘अक्का’ म्हणून हाक मारा. आतून ‘कोण ग ते?’ असं आलं, तर थोडा वेळ त्यांच्याशी बोलत बसा, त्या आता फार थकल्या असतील. आणि निघताना विहिरीत डोकावून बघा. तळ दिसला, तर माझ्या जागी कुणी तरी घट्ट उभं आहे असं मी समजेन.

नाही दिसला, तर मला येऊन सांगा. मी डब्यात अजून हिरवा आहे.