बाजारचा माल

कोंबडी गावठी असली की तिला मान आणि बाई गावठी असली की तिचा अपमान, असा पनवेलच्या बाजाराचा उफराटा न्याय. गव्हाणच्या हौसानं तो वर्षानुवर्षं मुकाट्यानं सोसला होता. तिच्या वालाच्या शेंगा बुटक्या, कुठे कुठे डागाळलेल्या. नव्या कॉलनीतल्या बाया त्या चिवडायच्या, 'गावठीच दिसतायत' म्हणून नाक मुरडायच्या आणि ट्रकनं आलेल्या लांबसडक शेंगांकडे वळायच्या.

यंदा मात्र हौसाला शेताचीच धास्ती लागली होती. न्हावा शेव्याचं बंदर सुरू झाल्यापासून कंटेनरवाले गाड्या उभ्या करायला जागा शोधत फिरत होते. तिचा मुलगा प्रणित म्हणत होता, "आई, या टायमाला पन वाल खपला नाय, तर शेतात भराव टाकू. गाड्या तरी लागतील." पोरगं वाईट नव्हतं. पण एकदा भराव पडला की शेत कायमचं गेलं, या विचारानं हौसाला घास गोड लागत नव्हता.

अशात एका सकाळी कॉलनीच्या महिला मंडळाची दिपिका तिच्या पाटीसमोर बसली. "मावशी, शेंगा गावठी आहेत का?"

झालं, ही पण नाक मुरडणार! हौसा घाईनं म्हणाली, "नाय गो बाय, गावठी कशाला? एकदम बाजारचा माल! ट्रकानं आलाय."

"मग राहू दे." दिपिका उठलीच. "आमच्या मंडळानं ठरवलंय, यंदा शेकोटीवर पोपटी लावायची, तर मडक्यात शेंगा जवळच्या गावातल्याच भाजायच्या. दोन दिवस ट्रकात सुकलेल्या नकोत."

ती गेली. शेजारच्या गुणाबाईनं कपाळावर हात मारला. "हौसे, आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास गो!"

हौसा पाटी तिथंच टाकून धावली. दिपिकाला तिनं बाजाराच्या तोंडाशी गाठलं. "बाय, माल गावठीच हाय. माज्याच शेतातला. लाजंपायी खोटं बोलले."

दिपिका हसली, पण पिशवी काही पुढे करेना. "आता कुठलं खरं मानू, मावशी?"

"कायपन मानू नको. गव्हानला ये आनि सोताच्या हातानं तोड."

रविवारी मंडळातल्या बाया खरंच आल्या. पदर खोचून वालात उतरल्या, एकमेकींना हाका मारत पिशव्या भरू लागल्या. प्रणित बांधावर उभा राहून बघत होता. या शेतात एवढी माणसं त्यानं लावणीलासुद्धा पाहिली नव्हती.

निघताना दिपिकानं त्यालाच विचारलं, "पुढल्या वर्षीही वाल लावणार ना? भाजी लावलीत तर तीही आम्हीच नेऊ."

हौसाचा जीव टांगणीला लागला. प्रणितनं एकदा शेताकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"लावनार," तो म्हणाला. "फक्त बाजारात आईला कोनी काय इचारू नका."

बाया खो खो हसल्या. हौसा पदरानं डोळे पुसत बांधावर बसली, आणि चारचौघींत रडायची तिला जराही लाज वाटली नाही.