मेहुण्याची बातमी

ऑफिसात तिला लेखिकाबाई म्हणत आणि घरी ती थोरली. जाहिराती करणाऱ्या त्या कंपनीत ती गाद्यांपासून शेगड्यांपर्यंत कशावरही गोड ओळी पाडून द्यायची. त्याखेरीज कंपनीच्या वेबसाइटवरचं ‘आमच्या घरातलं’ नावाचं पान तिच्याच गळ्यात पडलं होतं. कोण नवीन लागलं, कोणाला बक्षीस मिळालं, कोणी कुत्रं पाळलं, हे सगळं तिथं हसऱ्या फोटोंसकट टाकायचं. ज्यांना घरी कोणी विचारत नाही त्यांचं हे घर, असं थोरली मनातल्या मनात म्हणायची आणि वर लिहायची, ‘आमच्या कुटुंबात आणखी एका हसऱ्या चेहऱ्याची भर.’

मालकाला साहेब म्हटलेलं चालत नसे. ‘इथं कोणी साहेब नाही, मला दादा म्हणा,’ असं तो प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगे. रजा मागितली की मात्र दादाचा साहेब व्हायला वेळ लागत नसे. काचेच्या खोल्यांना त्याने धाडस, कुतूहल आणि विश्वास अशी नावं ठेवली होती. ‘विश्वास रिकामा आहे का?’ ‘कुतूहलातला एसी बिघडलाय’, अशी वाक्यं तिथं दिवसभर बोलली जात आणि कोणालाही हसू येत नसे. थोरलीला यायचं. ते ती गिळायची. तिचं सगळं बुद्धिवैभव त्या गिळण्यातच खर्ची पडत होतं.

धाकट्या बहिणीचा नवरा याच कंपनीत चित्रं काढायचा. थोरलीनेच शब्द टाकून त्याला तिथं चिकटवला होता. माणूस हाताचा पक्का, पण तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात ना, त्याच्या उलट. याच्या तोंडातून तीळभरही शब्द बाहेर पडत नसे. कोणी त्याचं चित्र बदलायला सांगितलं की तो मान डोलवायचा आणि बदलायचा. पुन्हा पहिल्यासारखं करा म्हटलं की पुन्हा मान डोलवायचा. थोरली त्याला मनात गोगलगाय म्हणायची. आपल्या चुणचुणीत बहिणीने ह्या माणसात काय पाहिलं, हे कोडं तिला लग्नाच्या दिवसापासून सुटलेलं नव्हतं.

एका सकाळी दादाने त्याला ‘विश्वास’मध्ये बोलावलं आणि कामावरून काढलं. गादीवाल्यांच्या जाहिरातीतलं झोपलेलं बाळ आता कॉम्प्युटर चहा निवायच्या आत काढून देतो, मग माणूस कशाला पोसायचा, असा साधा हिशोब. दुपारी निरोपाचा केक कापला. मेहुण्याने सुरी धरली आणि सगळे हसले म्हणून तोही हसला. थोरली लांब उभी राहून बघत होती. निदान सुरी तरी खाली ठेवायची होतीस, असं तिच्या मनात आलं.

मग दादा तिच्या टेबलाशी आला. ‘ताई, आपल्या चित्रकाराची छान बातमी करा. काढलं वगैरे नको. नव्या वाटेवर निघालाय, असं काहीतरी.’

‘त्याची वाट कुठली ते त्याला तरी ठाऊक आहे का?’ थोरलीने विचारलं.

‘तुम्ही लिहाल तेव्हा त्यालाही कळेल,’ दादा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन निघून गेला.

थोरलीने लिहिलं. चिडलेली असली की तिचा हात फार सुरेख चालायचा. ‘नोकरीच्या चौकटीत न मावणारा आमचा चित्रकार आता पूर्ण वेळ स्वतःच्या चित्रांना देणार आहे. हा निर्णय त्याचा स्वतःचा. आता कोणासाठीही काम करायचं नाही, असं तो हसत हसत म्हणतो.’ खाली केकवाला फोटो. मेहुणा चार टेबलं पलीकडे आपले ब्रश पिशवीत भरत होता. त्याला वाचून दाखवावं असं तिला वाटलंसुद्धा नाही. दाखवून काय, मानच डोलावली असती.

पुढच्या आठवड्यात धाकटी तरातरा तिच्या घरी आली. चप्पल एक इकडे, एक तिकडे.

‘हे तू लिहिलंस?’ तिने मोबाइल पुढे धरला.

‘मीच लिहिते सगळं.’

‘म्हणजे यांनी स्वतःहून नोकरी सोडली? मला न विचारता? आणि रोज सकाळी डबा घेऊन कुठे जातात मग?’

थोरलीच्या आत्ता लक्षात आलं. त्याने घरी सांगितलंच नव्हतं. शर्टाला इस्त्री करून तो रोज बाहेर पडत होता आणि संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला परत येत होता.

‘तू विचारलंस त्यांना?’

‘विचारलं ना. म्हणाले, हो, मीच सोडली. चित्रं काढायची आहेत. अगं, दोन पोरं आहेत घरात, सासूबाईंची औषधं आहेत, आणि ह्यांना चित्रं काढायची आहेत. काल रात्रीपासून मी त्यांच्याशी बोललेले नाही. त्यांना त्याचं काही आहे असंही दिसत नाही.’

खरं ओठांवर आलं होतं. पण काढून टाकलेला नवरा म्हणून बायकोने कीव करावी, त्यापेक्षा तिने चिडलेलं बरं, असं मेहुण्याने ठरवलेलं दिसत होतं, आणि त्यासाठी त्याने वापरलं होतं ते थोरलीचंच वाक्य. तिला त्याचा राग आला. इतका भित्रा माणूस की खोटंसुद्धा उसनं घेतो. ‘मला नक्की माहीत नाही, त्यांनाच विचार,’ असं म्हणून तिने बहिणीला वाटेला लावलं. मग आपण तरी कुठले शूर, हा विचार आला. तो तिने भांडी घासता घासता धुऊन टाकला.

तो पुरता धुतला गेला नाही, याला कारण मुलांची पुस्तकं छापणारी एक बाई. थोरलीची ती जुनी मैत्रीण. रस्त्यात भेटली तेव्हा सहज म्हणाली, ‘तुमच्या त्या चित्रकाराचा अर्ज आला होता माझ्याकडे. बेडूक काय सुंदर काढलाय. घेणारच होते. मग तुमच्या वेबसाइटवर वाचलं, त्याला म्हणे आता कोणासाठीच काम करायचं नाही. मग अर्ज कशाला करतोय? असली लहरी माणसं मला नकोत. पुस्तक अर्धवट टाकून जातात.’

थोरलीच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. ‘अगं, तसं नाहीये,’ एवढंच ती म्हणाली. बाईची बस आली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती दादाकडे गेली. ‘ती बातमी खोटी आहे. दुरुस्त करायची आहे.’

दादाने खुर्ची वळवली. ‘ताई, खोटी म्हणू नका. सकारात्मक म्हणा. लोकांना काढतो असं आपणच सांगत सुटलो तर गादीवाले आपल्याकडे टिकतील का?’

‘त्या माणसाचं काम गेलं त्यामुळे.’

‘काम आधीच गेलं होतं,’ दादा शांतपणे म्हणाला. ‘बातमी नंतर आली.’

या माणसाशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती जागेवर आली. पानाची किल्ली तिच्याच हातात होती. तिने जुनी बातमी खोडली आणि लिहिलं, ‘आमच्या चित्रकाराने नोकरी सोडली नाही. त्याला आम्ही काढलं. त्याच्या कामात खोट नव्हती, आम्हाला स्वस्तात चित्रं हवी होती. त्याला काम हवं आहे. आधीची बातमी खोटी होती, ती मी लिहिली होती.’ बटण दाबलं. मग तोच मजकूर पुस्तकवाल्या बाईला पाठवला. खरं सांगायचं तर तिला स्वतःचं बरंच कौतुक वाटत होतं.

आता आभाळ कोसळणार म्हणून ती वाट बघत बसली. कोसळलं नाही. ऑफिसात ते पान कोणी वाचतच नव्हतं. अखेर गादीवाल्यांकडच्याच कोणीतरी वाचलं आणि दादाला फोन केला. दादा लाल होऊन तिच्या टेबलाकडे येईल असं तिला वाटलं होतं. तो आला तो टाळ्या वाजवत.

‘ताई, त्यांना जाम आवडलं. म्हणाले, असं खरं बोलणारी कंपनी पाहिली नाही. गादीचंही असंच करू. “आमची गादी पहिले काही दिवस टोचते, आम्ही लपवत नाही.” कसं वाटतं?’

तोंडावर थुंकलं तर ती थुंकी गुलाबजल म्हणून विकणारा माणूस होता तो. आणि तिने राजीनामा त्याच्या तोंडावर फेकला का? नाही. तिने विचारलं, ‘कधीपर्यंत हवंय?’

रविवारी ती बहिणीकडे गेली. धाकटीला एव्हाना सगळं कळलं होतं. डोळे सुजलेले होते, पण आता तिचा राग दादावर होता. मेहुण्याने थोरलीला खुर्ची दिली आणि स्वतः खिडकीच्या कठड्याला टेकला.

‘पुस्तकवाल्या बाईंचा फोन आला होता,’ तो म्हणाला. ‘उद्यापासून बोलावलंय.’

‘चला, बरं झालं,’ थोरली म्हणाली. आभार येतील म्हणून ती जरा सावरून बसली.

‘त्यांनी विचारलं, खरंच काढलं का. मी हो म्हणालो. शेजारच्यांनीही विचारलं. मुलाच्या वर्गशिक्षिकेनेही विचारलं.’ एवढं लांब बोलताना थोरलीने त्याला कधी ऐकलं नव्हतं. ‘ताई, तुम्ही माझ्यावर दोनदा लिहिलंत. पहिल्यांदा खोटं, दुसऱ्यांदा खरं. मला दोन्ही वेळा विचारलं नाहीत.’

‘तुम्ही काही बोलत नाही म्हणून…’

‘विचारलं असतंत तर बोललो असतो.’

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे, आणि चहा टाकते म्हणून आत गेली. थोरलीला ऑफिस आठवलं. उभ्या ऑफिसाला ती तुच्छ मानत आली होती, कारण तिथं कोणी कोणाला माणूस समजत नाही. तिने स्वतः या माणसाला काय समजलं होतं, तर गोगलगाय.

‘चुकलं माझं,’ ती म्हणाली. हे शब्द तिला सवयीचे नव्हते, त्यामुळे ते जरा तुसडेच निघाले.

मेहुण्याने मान डोलावली. ती मान्य म्हणून डोलावली, की विषय संपवायला, हे तिला कळलं नाही. विचारावंसं वाटलं, आणि यावेळी तिने विचारलंही.

‘अजून राग आहे,’ तो म्हणाला. ‘चहा घेऊन जा.’