न पाहिलेली भरती

मी समुद्र पाहिलेला नाही. छप्पन्नाव्या वर्षी एवढं साधं वाक्य लिहिताना मला लाज वाटते, कारण अकोल्याच्या शाळेत मराठी शिकवताना गेली एकतीस वर्षं मी याच्या नेमकं उलट सांगत आलो.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी भरती-ओहोटीचे अर्थ शिकवत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुमी समुद्र पाह्यला काय?" नवा मास्तर नाही कसा म्हणेल? रत्नागिरीचा पाहिला, म्हणालो. थाप पचली, आणि मग मी दरवर्षी तिच्यात भर घालत गेलो. "आपला नळ चौथ्या दिवशी येतो, तोही आला तर. समुद्राची भरती रोज दिवेलागणीला, ठरल्या वेळी!" पोरं खूश व्हायची. पुढे माणसांच्या गोष्टी, म्हणजे उत्साहाला भरती कशी येते आणि वैभवाला ओहोटी कशी लागते. तेवढं मात्र मला खरंच येत होतं.

नववीतली जेबा हे सगळं जिवाचा कान करून ऐकायची. तिचे वडील अय्युबभाई घरोघर कुलर दुरुस्त करत फिरतात. अमरावतीला वक्तृत्व स्पर्धा होती, विषय ज्याचा त्याने निवडायचा; मी 'भरती-ओहोटी' सुचवला. पहिल्या येणाऱ्याला ढाल मिळणार होती आणि अंतिम फेरीसाठी रत्नागिरीला नेणार होते. जेबाला ढालीचं काही नव्हतं. "सर, खरंच पायाले पाणी लागन का?" हे तिने मला चारदा विचारलं होतं.

शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरलो, तिथून ऑटोने सभागृहात गेलो. जेबा बोलली, आणि असं बोलली की माझाच ऊर भरून आला. शेवटचं वाक्य मी लिहून दिलेलं होतं: "समुद्राची भरती रोज संध्याकाळी ठरल्या वेळी येते, माणसाची भरती मात्र सांगून येत नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला.

परीक्षक बाई मूळच्या कोकणातल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "छान बोललीस. पण बाळ, भरती दिवसातून दोनदा येते, आणि तिची वेळ रोज पुढे सरकते. रोज संध्याकाळी येते हे तुला कोणी सांगितलं?"

सभागृहात खसखस पिकली. जेबाने माझ्याकडे पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. उभं राहून "मी सांगितलं" म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधायला लागलो. नाडी सुटलेली नव्हती.

"कोणी नाही, मॅडम," जेबाचा आवाज आला. "माझंच वाचण्यात चुकलं."

तिचा दुसरा नंबर आला. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण माझा गोटा त्या पोरीच्या कपाळी बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेलं तरी डबा माझ्या मांडीवर तसाच होता. शेवटी तीच म्हणाली, "सर, डबा खा ना."

"जेबा, मी समुद्र..."

"मले माहीत हाय, सर. आठवीत तुमी रत्नागिरी म्हणले, यंदा अलिबाग."

"मग तिथं काहून नाही सांगितलं?"

"तुमी नाडी बांधून राह्यले होते ना," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

अकोल्याच्या फलाटावर अय्युबभाई उभे होते. त्यांनी विचारलं, "काय झालं, बेटा? कुठं चुकलं?"

"अब्बू, माझंच जरा..."

"तिचं नाही, अय्युबभाई," मी बोललो. आवाज एवढा मोठा निघाला की शेजारचे दोघं वळून बघायला लागले. "चूक माझी आहे. मी समुद्र पाहिलेलाच नाही. पोरांना खोटं शिकवलं. माझ्यामुळे हिची रत्नागिरी गेली."

अय्युबभाई चक्क हसले. "अरे सर, एवढंच ना? आमी तरी कुठं पाह्यला! चला, चहा घेऊ."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते चहा सांगायला पुढे गेले. जेबाने हातातलं प्रमाणपत्र नीट गुंडाळून दप्तरात ठेवलं.

"सर, पुढच्या वर्षीही मी भाग घेईन," ती म्हणाली. "पण विषय आपण पाह्यलेला घेऊ."