पोटवाली शेगडी

"लोखंडाची घ्या," देवीदास तिसऱ्यांदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा कोणी ऐकलं नाही.

बडनेरा रस्त्यालगतच्या त्या आवारात कुंड्या होत्या, मातीचे हत्ती होते, न चालणारं एक कारंजं होतं. आणि कोपऱ्यात त्या. गोल पोट, पुढून उघडं तोंड, वर आखूड मान. अंगणात पेटवायची शेगडी; जाळ पोटात, धूर मानेतून वर. दुकानात तिला चिमिनिया म्हणत. सुनेने, रश्मीने, ती चिखलदऱ्याच्या एका रिसॉर्टवर पाहिली होती, आणि तेव्हापासून थंडी आली की घरात तिचा विषय निघायचा. या थंडीत मुलगा शेखर हो म्हणाला होता.

लोखंडाचीही होती. दुकानवाले किसनराव म्हणाले, लोखंड फुटत नाही हे खरं, पण बाहेरून असं तापतं की लेकराचा हात लागला तर कातडी निघते. शिवाय पावसाळ्यात गंज. मातीची बाहेरून एवढी तापत नाही, पण तिला जपावं लागतं. लेकराचं नाव निघालं आणि रश्मीने मातीचीच ठरवून टाकली. देवीदासांनी मग निदान मातीची तरी पारखून घेतली. एकेकीच्या पोटावर बोटाच्या सांध्याने वाजवून पाहिलं. एक बद्द वाजली, ती नको म्हणाले. दुसरी खणखणीत वाजली, तिच्यावर हात ठेवून उभे राहिले.

किसनराव शेखरला समजावत होते. बुडाशी वाळू भरा, जाळ मातीला थेट टेकू देऊ नका. पहिले काही दिवस काड्याकुड्यांचाच जाळ, मोठा नाही. लाकूड कोरडं, बाभळीचं मिळालं तर बरं. मानेवर ही जाळी, ठिणगी उडू नये म्हणून. भिंतीपासून लांब, फरशीवर; वर झाडाची फांदी नको, दोरीवर कपडे नकोत. दव पडतं, गार झाली की झाकून ठेवा. शेखर मान हलवत होता. देवीदासांना एकच विचारायचं होतं.

"इझवाची कशी?"

"इझवाचीच नायी, काका. आपल्या मनानं इझते ते. पानी तर बिलकुल नायी. तापल्या मातीवर पानी पडलं का गेली समजा."

पाणी नाही.

घरी येईपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर देवीदास हेच मनात म्हणत होते. पाणी नाही. पाणी नाही. पाणी

*

शंका आली की पाणी. त्यांचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर उभं होतं.

अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकावर ते चौकीदार होते. आत जाणाऱ्याच्या खिशातली बिडी आणि काडेपेटी काढून घ्यायची. मजुराची घ्यायची, ड्रायव्हरची घ्यायची, मालकाच्या जावयाचीही घ्यायची. कापूस पेटतो तसा विझत नाही. दाबलेल्या कापसाची गठाण वरून पांढरी, थंड, साळसूद, आणि आत विस्तव चालत असतो. धूर नाही, वास नाही. परवा विझवलेली आग आज दुपारी उठून बसते. म्हणून डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. हाताची पाठ लावून पाहायचं. शंका आली की पाणी. माल भिजला तर भिजला.

फाटक सुटलं. पुढे पत्नी इंदूबाई गेल्या, तेव्हा शेखरने वडिलांना अमरावतीला आपल्या घरी आणलं. शंकाही त्यांच्यासोबत आली.

गॅस बंद आहे का? आहे. रेग्युलेटर? तोही. इस्त्रीची पिन काढली का? काढली, पण इस्त्री गार आहे का? गार आहे, पण ती ठेवली ते कपाट?

सकाळी बुद्धवंदना संपते न संपते तोच ते मेणबत्ती चिमटीत धरून विझवायचे. रश्मी म्हणायची, मामाजी, शेवटचं 'साधू' तरी म्हणू द्या. तेव्हा ती हसायची.

उन्हाळ्यात तिचं हसू गेलं. मिक्सरची मोटर जळाल्याचा वास आला. देवीदासांनी मेन स्विच पाडला, चार वर्षांच्या खुशीला उचललं आणि अनवाणी निघाले ते थेट पलीकडच्या कॉलनीतल्या मैदानात जाऊन बसले. घर पेटणार होतं. लेकरू वाचवायला हवं होतं. इकडे रश्मी विहिरीत डोकावून आली, नाल्यापर्यंत पळत गेली. मैदानात दोघं सापडली तेव्हा खुशी मातीत खेळत होती आणि देवीदास घराच्या दिशेला धूर शोधत होते.

त्या दिवसापासून रश्मीने खुशीला त्यांच्याजवळ एकटं ठेवलं नाही. भांडली नाही. फक्त दुधाची पिशवी आणायला जायचं असलं तरी पोरीला कडेवर घेऊ लागली.

देवीदासांनी ते पाहिलं होतं. दररोज पाहत होते.

आता राजापेठेतल्या एका क्लासने रश्मीला सकाळची बॅच शिकवायला देऊ केली होती. तिला ती हवी होती. पण सकाळी शेखर ऑफिसला, खुशीजवळ कोण? एक दिवस शेखर बापाला स्कूटरवर घेऊन निघाला आणि एका चहाच्या टपरीपाशी थांबून म्हणाला,

"बाबा, हा महिना कशालेच हात लावू नका. स्विचले नायी, गॅसले नायी. रश्मी पाहून रायली. तिले भरवसा वाटला तर खुशी तुमच्यापाशी राहीन. नायी तर पाळणाघर हाय, अन् मंग तुमी काकाकडे अकोल्याले. मले दोघायच्या मधात नका टाकू."

तो चहा त्यांनी गार करून प्यायला.

आणि त्याच महिन्यात चिमिनिया आली. ही परीक्षा आहे असं कोणी म्हणालं नव्हतं. रश्मीला फक्त अंगणात शेकत बसायचं होतं. देवीदासांनी मात्र तसंच धरलं.

*

वाळू. मग काड्या.

पहिल्या संध्याकाळी शेखरने मूठभर काड्या पेटवल्या. देवीदास समोर खुर्चीवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. काड्या जळाल्या, राख झाली. सगळे उठून आत गेले. देवीदासही उठले. दारात थांबले. मागे वळले नाहीत. आत येऊन कपभर पाणी पिऊन टाकलं.

दुसऱ्या संध्याकाळी थोडं जास्त. मातीचा वास सुटला. मानेवरच्या जाळीतून धुराची बारीक वेणी निघाली. लिंबाची फांदी किती लांब? हात पुरत नाही इतकी. वारा फिरला तर? फिरला. काही झालं नाही. काही झालं नाही म्हणजे अजून झालं नाही.

नंतरच्या संध्याकाळी बाभळीचं लाकूड. पोटावर केसासारखी एक रेघ दिसली. शेखरने फोनवर किसनरावांना विचारलं. ते म्हणाले, बारीक रेघ चालते, नखाला लागली तर सांगा. देवीदासांनी नख फिरवून पाहिलं. लागली नाही. पुन्हा फिरवलं.

खुशी त्यांना मध्येच विचारायची, आबा, तुमचे हात कुठं गेले? ते म्हणायचे, झोपले. मग ती मांडीखालून एकेक हात ओढून काढायची आणि स्वतःच्या गालाला लावायची. रश्मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत असे.

एका सकाळी वंदना संपली. साधू, साधू, साधू. मेणबत्ती तशीच जळत राहिली. देवीदास हात जोडून बसून होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण मेणबत्ती जळत राहिली, अर्ध्यापर्यंत, मग बुडापर्यंत, मग आपल्या मनाने विझली. त्या दिवशी रश्मीने शेखरला सांगितलं की बॅचला हो म्हणून कळवते.

*

रविवारी रश्मीच्या क्लासमधल्या मैत्रिणी आल्या. निखाऱ्यांवर वांगी भाजली, भरीत झालं, कळण्याच्या भाकरी झाल्या. शेगडीचं कौतुक झालं. एकीने देवीदासांना विचारलं की काका, तुम्हीच पेटवता का. शेखर हसत म्हणाला की बाबा पेटवत नाहीत, बाबा पहारा देतात. सगळे हसले, देवीदासही हसले. चांगली संध्याकाळ होती.

अंधार पडता पडता पाहुण्या निघाल्या. शेखर एकीच्या गाडीचं चाक पाहायला रस्त्यावर गेला. रश्मी दुसऱ्या दोघींना ऑटोपर्यंत सोडायला निघाली, फाटकापर्यंत गेली आणि वळून सहज म्हणाली, मामाजी, खुशीकडे पाहाल जरा, मी आलीच.

सहज.

किती महिन्यांनी. देवीदास खुर्चीत ताठ झाले. अंगणात आता दोघंच होती. खुशी फरशीवर उकिडवी बसून शेगडीच्या तोंडात पाहत होती.

"आबा, इझली."

आत राख होती. करडी, मऊ, थंड दिसणारी. धूर नव्हता. वास नव्हता.

ते म्हणाले, मागं हो बेटा. ती एक पाऊल मागे झाली आणि पुन्हा पुढे आली. तिच्या अंगावर लोकरीचा फ्रॉक होता. ते म्हणाले, आत जाय. ती म्हणाली, तुमी बी चला. त्यांनी वाकून हाताची पाठ शेगडीच्या तोंडाशी नेली. गरम लागलं. वरून राख आणि आतून? किती? कुठपर्यंत? वारा आला तर? पोरगी माझ्यावर आहे. तिची आई बाहेर आहे आणि पोरगी माझ्यावर आहे. माझ्यावर असताना

नळाखाली बादली भरलेली होती.

आवाज मोठा नव्हता. फुस्स झालं, पांढरी वाफ आणि राख तोंडावर आली, आणि मग आत कुठेतरी तड्. थोडं थांबून पुन्हा एकदा. पोटाला तोंडापासून खालपर्यंत भेग गेली आणि पुढचा अर्धा भाग, पोळीचा तुकडा मोडावा तसा, फरशीवर येऊन पडला. त्याच्यासोबत लाल निखारे. होते. आत होते. खुशीने किंकाळी फोडली.

देवीदासांनी तिला उचलून मागे घेतलं तोवर रश्मी धावत आली होती. तिने पोरगी ओढून घेतली, हात पाहिले, पाय पाहिले, फ्रॉक वर करून पोट पाहिलं. काही नव्हतं. नाकावर राख, एवढंच. मग तिने शेगडीकडे पाहिलं, कलंडलेल्या बादलीकडे पाहिलं. ओरडली नाही.

"मालूम होतं ना तुमाले?"

"मालूम होतं."

"मंग काहून?"

देवीदासांनी कलंडलेली बादली उभी केली. शेखर फाटकात येऊन उभा राहिला होता.

"तू पोरीले माह्यावर सोडून गेलती," ते म्हणाले. "म्हणून."

रश्मीने खुशीच्या नाकावरची राख पुसली. मग ती खुशीला घेऊन आत गेली.

*

सकाळी शेखर काही बोलायच्या आत देवीदासांनीच सांगितलं की भावाकडे, भगवंताकडे जातो, अकोल्याला. तोही बोलावून राहिला होता. पिशवी भरलेली होती. पांढरा सदरा घातला होता.

रश्मीने भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. पाया पडली. थंडी सरली का या, मामाजी, म्हणाली. ती मनापासून म्हणाली हे त्यांना कळलं, आणि थंडी सरेपर्यंत येऊ नये हेही. खुशी झोपली होती. तिला उठवू नको, ते म्हणाले.

बस गच्च भरलेली होती, पण शेखरने खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली. पोचल्यावर फोन करा म्हणाला. जाय, ऑफिसले उशीर होईन, देवीदास म्हणाले. बस हलली तरी तो काही पावलं पत्र्याला हात लावून चालत राहिला.

बडनेऱ्याला आणखी माणसं चढली. एक बाई, डोक्यावर गाठोडं, कडेवर झोपलेलं पोर. उभं राहायलाही जागा नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही, विचारलंही नाही. एसटीत कोणी विचारत नाही. "बाबाजी, धरा याले जरासाक," म्हणत तिने ते पोर देवीदासांच्या मांडीवर ठेवलं आणि गाठोडं सांभाळत गर्दीत मागे, दिसेनाशी झाली.

पोर जड होतं, गरम होतं. मान खाली लोंबली, तशी देवीदासांनी हात तिच्याखाली घातला. कंडक्टर आला तेव्हा दुसऱ्या हाताने तिकीट काढलं. पुढे हाताला मुंग्या आल्या, मग हात असल्याचंच कळेना. शेजारचा म्हणाला, काका, बदला हात. त्यांनी मान हलवली. मूर्तिजापूर गेलं. पोर झोपलेलंच होतं, आणि त्यांनी हात हलवला नव्हता.