ओढ्याच्या बाजूचं कुंपण

ओबाडाया क्राउचची डुकरं जेवढी लठ्ठ, तेवढाच तो मनानं रोडका, असं थॉमसिन पेल उघड म्हणायची, आणि ते खरंही होतं. वस्तीनं नेमका त्यालाच कुंपणांची पाहणी करायला नेमलं होतं. कुंपणच शेत खायला उठलं तर दाद कुणाकडे मागायची? थॉमसिनच्या मक्याच्या तुकड्यात गोड्या पाण्याचा झरा होता आणि त्यावर क्राउचचा डोळा होता. समुद्र ओलांडून आल्यावर तिचा नवरा या किनाऱ्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात गेला, मूलबाळ नाही. तुकडा गेला तर जन्मभर परक्याच्या घरी भांडी घासायची पाळी. आणि वस्तीच्या ज्येष्ठांनी तिला बजावलं होतं, "तुझं कुंपण दोनदा ढिलं सापडलंय. आता एक जरी तक्रार आली, तरी जमीन दुसऱ्याला देऊ."

त्या रविवारी शेळी दावं तोडून पळाली, म्हणून थॉमसिन प्रार्थनेला उशिरा पोचली. पुरुषांच्या बाकावरून क्राउचनं तिच्याकडे पाहिलं आणि तो चक्क हसला. क्राउच हसला म्हणजे कुणाचं तरी वाटोळं ठरलेलं. थोड्याच वेळात तिच्या शेताकडून डुकरांचं चिरकणं ऐकू आलं. पण उठायची सोय नव्हती. प्रार्थना सोडून जाणं गुन्हा, प्रभूच्या दिवशी कामाला हात लावणं त्याहून मोठा गुन्हा. उपदेशक नरकातल्या आगीचं वर्णन करत होता आणि थॉमसिनला ती आग क्राउचच्या बुडाखाली पेटलेली दिसत होती.

प्रार्थना संपताच क्राउच उभा राहिला. "ज्येष्ठहो, या बाईचं कुंपण बघायला चला. नुसतं बघणं काही काम नव्हे."

सगळे निघाले. पाहतात तर डुकरं शेताबाहेर माती उकरतायत आणि कुंपण धड. क्राउचच्या हद्दीच्या बाजूला तीन आडवे वासे झाडाच्या सालीनं करकचून बांधलेले.

क्राउचचा चेहरा उतरला, पण लगेच त्याला नवं सुचलं. "सकाळी हे तिन्ही वासे खाली पडलेले मी डोळ्यांनी पाहिलेत!"

"मग उचलून का नाही ठेवलेस रे?" थॉमसिन म्हणाली. "की पाडणाराच तू?"

"रविवारी वासे उचलू? मी काय तुझ्यासारखा अधर्मी आहे? तरीच उशीर झाला होय बाईसाहेबांना! ज्येष्ठहो, हिनं प्रभूच्या दिवशी काम केलंय. ही घ्या तिसरी तक्रार."

म्हातारे ज्येष्ठ विदर्स तिच्याकडे वळले. "तू बांधलेस?"

"नाही."

"मग वासे काय आपल्या पायांनी वर चढले?"

ओढ्यापलीकडे इथल्या मूळ रहिवाशांतली एक म्हातारी हाताचा चिखल धूत बसली होती. तिचं खरं नाव वस्तीत कुणाच्या जिभेला वळत नव्हतं, म्हणून सगळे तिला जोन म्हणत. दोन वर्षांपूर्वी हा तुकडा तिचा होता. कुंपण नाही त्याअर्थी मालक नाही, असं म्हणून ज्येष्ठांनी तो घेतला, तेव्हा थॉमसिननंही मान डोलावली होती. सालीची ती गाठ जोनच्या माणसांचीच, हे थॉमसिननं पाहताक्षणी ओळखलं होतं.

"तिनं," ती बोट दाखवून म्हणाली. बोट वर करायला तिला विचारसुद्धा करावा लागला नाही.

जोनला ओढत आणलं. "डुकरं आत," ती मोडक्या बोलीत म्हणाली. "मी हाकललं. मी बांधलं."

"हिच्यासाठी?" विदर्सनी विचारलं.

जोन थुंकली. "हिच्यासाठी? बियाणं माझ्या आईचं. माती माझ्या आईची. ही कोण?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. विदर्सनी निवाडा दिला, "आमच्या हद्दीत रविवारी काम केलं. उद्या सूर्य मावळेपर्यंत खोडा, आणि पुन्हा ओढा ओलांडायचा नाही." क्राउच दात-ओठ खात गेला. थॉमसिनची जमीन वाचली.

सोमवारी ती भाकरीचा तुकडा घेऊन प्रार्थनाघरासमोर गेली. पाय खोड्यात अडकलेली जोन भाकरीकडे पाहीना.

"घे की. उपाशी मरशील."

"माझ्याच मक्याची मला?"

"मी खरं तेच सांगितलं," थॉमसिन चिडून म्हणाली. "जमीन गेली असती माझी!"

"हो. गेली की कसं वाटतं, ते मला विचार."

थॉमसिन संतापली. तिनं भाकरी तिथेच धुळीत टाकली आणि ती तरातरा घरी आली. कुऱ्हाड घेऊन तिनं दिवसभर नवे वासे तासले आणि ओढ्याच्या बाजूचं कुंपण हातभर उंच केलं. क्राउचच्या बाजूला ती फिरकलीसुद्धा नाही.