सातव्या खोलीतली कैची

चंदन चार दिवसांपासून सातव्या खोलीत अडकून पडला होता. खोली मोबाइलमधली होती. लेक स्वातीनं दिवाळीत येऊन फोनमध्ये हा खेळ टाकला होता. एक ओसाड हवेली, एकेक कोडं सोडवायचं, एकेक दार उघडायचं. सहा दारं त्यानं उघडली. सातव्या खोलीत पांढऱ्या केसांची एक बाई धाग्यांनी खुर्चीला जखडलेली होती आणि त्यातले काही धागे तुटलेले होते. चंदन बोटानं टोकाला टोक जुळवायचा. शेवटची गाठ बसली की बाई गर्रकन मान फिरवून हसायची, दिवा विझायचा आणि जोडलेलं सगळं पुन्हा तुटायचं. पहिल्या दिवशी तो दचकला होता. आता नुसता शीण यायचा.

"अवो, सुतार उद्या येऊन राहिला," त्याची बायको करुणा चुलीजवळून म्हणाली. "मागावरचा ताना कवा उतरवान?"

"उतरवतो."

"परवापासून उतरवूनच राहिले."

आंधळगावातल्या त्या घरात कोरडी, उजेडाची अशी एकच खोली होती आणि तिच्यात चंदनचा हातमाग होता. स्वाती सोमवारी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. माग काढायचा, विणताना पाय सोडायचा मागाखालचा खड्डा बुजवायचा, भिंतींना चुना द्यायचा आणि मागाच्याच लाकडांची तिला खाट करायची, हे सगळं चंदननंच ठरवलं होतं. गुडघे गेल्यापासून माग दीड वर्ष बंदच होता. पण त्यावर ताना, म्हणजे उभे ताणलेले धागे, आणि त्यात विणलेली कोशाच्या रेशमाची अर्धी साडी तशीच होती. चाळीस वर्षांत तुटलेला प्रत्येक धागा त्यानं सांधला होता. अर्ध्या राहिलेल्या कापडाला कैची कधी लावली नव्हती.

दुपारी त्यानं स्वातीला फोन लावला.

"ते बाई काही सोडत नाही मले."

"बाबा, अजून तिथंच? खाली कैची दिसते ना? पहिल्याच खोलीत भेटली होती."

"दिसते."

"मंग कापा ना."

"काय कापू?"

"सारे धागे! तिले सोडवाचं हाये. तुमी काय करून राहिले?"

"सांधून राहिलो."

पलीकडे स्वाती इतकी हसली की तिला धाप लागली. "चार दिवस? भुतीनले साडी विणून देता का?"

चंदनही हसला. मग तिनं विचारलं, "माग निघाला?"

"उद्या."

"नसन होत तं राहू द्या, बाबा. मी पडवीत झोपीन."

ती हे रागानं म्हणत नव्हती. नववा महिना लागलेल्या बाईच्या आवाजात असतो तेवढाच थकवा त्यात होता.

"पडवीत थंडी हाये," चंदन म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

खेळातले धागे त्यानं एकेक करून कापले. बाई उठली, दार उघडून निघून गेली. हसली नाही. पलीकडे आठवी खोली दिसत होती. त्यानं मोबाइल बंद करून कोनाड्यात ठेवला.

"कैची दे," तो करुणाला म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि टोमणा न मारता कैची आणून दिली.

ज्या फणीतून तान्याचा एकेक धागा ओवलेला असतो, तिच्या पुढं वीतभर आणि मागं वीतभर अंतर सोडून त्यानं ताना कापला. वेळ लागला. मग दोन्हीकडच्या टोकांचे जुडगे बांधले, एकही धागा फणीतून निसटू नये म्हणून. अर्ध्या साडीची घडी करुणानं पेटीत ठेवली.

"फणीत धागे काहून ठेवले?" तिनं विचारलं.

"कोणाले पुढं सांधाचं झालं तं टोक पायजे."

"कोण सांधन?"

फणी त्यानं खुंटीला टांगली आणि खड्ड्याच्या काठावर पाय सोडून तो बसला. सुतार आठ वाजता येणार होता. त्याआधी भिंतींचे पोपडे खरवडायचे होते.